पालमला गाडी आली : आवाजी इंजिन स्वस्तात घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या पालमला तहसील आहे, बस स्थानक आहे आणि माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रेल्वे नाही. गाडी धरायची तर आधी एसटीनं गंगाखेड गाठायचं. अशा गावात एखाद्याला रेल्वेचा नाद लागला, तर त्याच्यापुढं दोन वाटा असतात. पहिली, रेल्वे आणा म्हणून निवेदन द्यायचं. निवेदनांच्या प्रती माझ्याच दुकानात निघतात, त्यामुळं त्या वाटेचा वेग मला चांगला ठाऊक आहे. दुसरी वाट, रेल्वे विकत घ्यायची.

ही मार्गदर्शिका दुसऱ्या वाटेनं निघालेल्यांसाठी. विषय एवढाच: वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल, ज्याच्या पोटातून आवाजही येतो, ते कमी पैशात कसं घ्यावं, कसं चालवावं आणि घरात कसं टिकावं. 'टिकावं' हे इंजिनाबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे.

पायरी १ : आपल्याला काय हवंय ते ठरवा

डोळे मिटा आणि मनात 'रेल्वे' म्हणा. आधी चित्र आलं की आवाज? चित्र आलं असेल तर एखादं कॅलेंडर घ्या, पैसे वाचतील. आवाज आला असेल तर पुढं वाचा.

पोरं रेल्वे खेळतात ते आठवा. एकाचा शर्ट दुसऱ्यानं धरायचा, दुसऱ्याचा तिसऱ्यानं. इंजिन झालेल्या पोराला ना धुराडं असतं, ना चाकं. तो फक्त 'झुकझुक' करतो आणि सगळ्यांना पटतं. मागच्या पोराच्या हातात खरोखरची शिट्टी असली, तरी तो डबाच. म्हणजे इंजिन हा मुळात आवाजाचा मामला आहे, लोखंड नंतर येतं. खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्यांनाही हे लवकर कळलं होतं. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीनं १९३५ सालीच इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, म्हणजे टेंडरमध्ये, छोटी मोटर आणि पंखा बसवून खऱ्या हवेची शिट्टी वाजवली होती. आज त्या पंख्याच्या जागी चिप आणि स्पीकर आलाय, पण पुष्कळ मॉडेलांत पत्ता तोच आहे: टेंडर.

घेण्याआधी लहान गाड्या नीट धावताना पाहायच्या असतील, तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल पडतात, गाड्या आपापल्या थांबतात, एकमेकींना वाट देतात. तिथून परत येताना बायकोला सोबत ठेवू नका. तुमच्या चेहऱ्यावरून तिला पुढच्या दोन वर्षांचा खर्च कळेल.

पायरी २ : आधी उरुसातली गाडी घ्या

परभणीच्या उरुसात, कुठल्याही जत्रेत, काळ्या प्लॅस्टिकचं इंजिन मिळतं. दोन-तीन डबे, गोल रूळ, दोन पेन्सिल सेल. बटण दाबलं की शिट्टी, मग झुकझुक, मग दिवा. थोड्या महाग प्रकारात धुराड्यात पाण्याचे थेंब टाकले की धूरही निघतो.

अनुभवी माणसं हिला नाक मुरडतात. तुम्ही मुरडू नका, उघडून बघा. आत हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका दिसेल. त्या ठिपक्याखाली चिप असते आणि त्या चिपेत काही सेकंदांचा आवाज, जो पुन्हा पुन्हा वाजतो. त्याचा चाकांशी काही संबंध नसतो. गाडी उचलून धरा, आडवी करा, झुकझुक त्याच तालात चालू. सभेत वक्त्याचं भाषण आणि लोकांचं ऐकणं जसं स्वतंत्रपणे चालू असतं, तसं.

आता तुम्हाला एक मूलभूत गोष्ट कळली: स्वस्त आवाज आणि महाग आवाज यांतला फरक गोडव्याचा नसून संबंधाचा आहे. चाक फिरलं म्हणून आवाज आला, की दोघं आपापलं काम करतायत, एवढंच बघायचं. ही गाडी टाकू नका. शेवटी लागेल.

पायरी ३ : ऐपत सोयाबीनमध्ये मोजा

परदेशी कंपन्यांनी कमी पैशातल्या आवाजी इंजिनांच्या वेगळ्या मालिका काढल्यात. इंग्लंडच्या हॉर्नबीची 'ट्विन ट्रॅक साउंड', बाखमनची 'साउंड व्हॅल्यू' ही त्यांतली नावं. 'कमी पैशातल्या' हे त्यांच्याकडं. इकडचा हिशेब असा.

समजा, इंजिन दीडशे डॉलरचं, वर टपालाचे चाळीस. डॉलर पंच्याऐंशी रुपये धरला, तर झाले १६,१५० रुपये. इथवर सगळं ठीक असतं आणि नवशिका माणूस इथंच बटण दाबतो. पण टेबलावर पळणारी रेल्वे कायद्याच्या नजरेला खेळणं दिसते. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्के. त्याचे ११,३०५ मिळवा. एकूण २७,४५५, आणि जीएसटी अजून दारातच उभा आहे.

आता हे सोयाबीनमध्ये मांडा. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे साडेपाच क्विंटलच्या वर. हा हमीभावानं हिशेब; त्या वर्षी अडतीवर जो भाव मिळाला त्यानं केला, तर आणखी पोती काढावी लागतील. थोडक्यात, पाऊसपाणी जेमतेम झालेल्या वर्षी एका एकराचा माल तळहातावर मावतो आणि 'कू' करतो.

हा हिशेब घरात मोठ्यानं करू नये. मी केला. भाऊ शेतीच बघतो, तो म्हणाला, "दादा, एवढ्यात खरी शेळी येते. तीही आवाज करते."

पर्याय: ओळखीच्या कुणी परदेशातून येताना आणलेलं, किंवा दुसऱ्या हौशी माणसानं कंटाळून विकलेलं इंजिन घ्या. माझं असंच, जुनं घेतलेलं. विकणाऱ्यानं 'फक्त दोनदा चालवलंय' असं सांगितलं. चाकं बघून वाटलं, दोनदा मुंबईपर्यंत चालवलं असावं.

पायरी ४ : गेज निवडा, म्हणजे किती खोटं बोलायचं ते ठरवा

सगळ्यांत जास्त माल मिळतो तो एचओ प्रमाणात. खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटिश ओओ थोडं मोठं, शहात्तरावा भाग, पण रूळ तेच. जागा कमी असेल तर एन: एकशे साठावा भाग, ९ मिलिमीटर रूळ. पण एवढ्याशा इंजिनात स्पीकर बसवायचा म्हणजे डासाच्या नाकात नथ, आणि आवाजही तसाच. आपण आवाजासाठी निघालोय, तेव्हा एचओ.

आता खोटेपणा. १६.५ ला ८७ नं गुणा: १,४३५ मिलिमीटर. ते परदेशातलं स्टँडर्ड गेज झालं. आपलं ब्रॉडगेज १,६७६ चं. त्याला ८७ नं भागलं तर १९.३ मिलिमीटर रूळ हवा, आणि तो दुकानात मिळत नाही. म्हणजे भारतातला जवळजवळ प्रत्येक हौशी माणूस रोज पावणेतीन मिलिमीटर खोटं बोलतो आणि शांत झोपतो.

आमच्या भागाची अडचण आणखी वेगळी. मनमाड ते सिकंदराबाद हा निजामाच्या काळातला रस्ता मीटर गेजचा; परभणी, पूर्णा त्याच्यावरच. १९९० नंतर तो टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाला. म्हणजे इथल्या जुन्या माणसांच्या कानात जी गाडी आहे ती अरुंद रुळावरची, वायपी आणि वायजी जातीच्या इंजिनांची. वायपी सवाऱ्यांची, पुढं चार, मधे सहा, मागं दोन चाकं. १९४९ ते १९७० मध्ये अशी ८७१ इंजिनं झाली. वायजी मालाची, दोन-आठ-दोन. भारतीय रेल्वेसाठी बनलेलं शेवटचं वाफेचं इंजिनही एक वायजीच, चित्तरंजनच्या कारखान्यातलं, १९७२ सालचं. त्यांचं तयार, बोलणारं, स्वस्त मॉडेल शोधण्यात मी सहा महिने घालवले. तुम्ही घालवू नका. परदेशी दोन-आठ-दोन घ्या, त्याच्यावरचं परदेशी नाव काळ्या रंगानं पुसा आणि पुढं पांढऱ्या रंगात 'वायजी' लिहा. ब्रश बारीक घ्या. माझं 'वायजी' लांबून 'बाबजी' वाचलं जातं.

पायरी ५ : आवाज मोजून घ्या

खऱ्या इंजिनाचं 'झुक' येतं कुठून? सिलिंडरमध्ये काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते, त्याचा तो आवाज. जाता जाता ती भट्टीतली हवाही ओढते, म्हणून चढाला इंजिन जितकं धापा टाकतं तितकी आग भडकते. सिलिंडर दोन, प्रत्येकात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ. म्हणजे चाकाच्या एका फेरीला चार झुक. तीन नाही, पाच नाही.

वायपीचं मोठं चाक १,३७२ मिलिमीटर व्यासाचं, परीघ सुमारे ४.३ मीटर. माणसाच्या चालीनं गाडी निघाली की सेकंदाला एखाद-सव्वा झुक. तासाला साठ किलोमीटर धरले की सेकंदाला पंधरा, तेव्हा ते झुकझुक राहत नाही, फाडलेल्या कापडासारखं सलग होतं.

तपासणी अशी करा. इंजिनाच्या मधल्या एका चाकावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. (कुणाचं नेलपॉलिश, ते विचारू नका, विचारून घ्या.) गाडी अगदी सावकाश चालवा. ठिपका एकदा वर येऊन पुन्हा वर येईपर्यंत मोजा. चार आले तर इंजिन चांगलं. स्वस्त इंजिनात आवाज बहुधा चाकावरून ठरत नाही; मोटरला किती वेग दिलाय त्यावरून चिप अंदाज बांधते. त्यामुळं कधी साडेतीन येतात, कधी सहा.

याहून चांगलं यंत्र आमच्या घरात आहे. माझी माय. तिचं माहेर पूर्ण्याचं. तिचे वडील तिथल्या लोको शेडात फायरमन होते. माय पलंगावर बसून, जपमाळ ओढत, माझ्याकडं न बघता चाचणी घेते. पहिल्या दिवशी इंजिन सुरू झालं तेव्हा म्हणाली, "पडसं झालंय का रे त्याला?"

मी एफ-एक नावाचं बटण दाबलं. घंटा वाजू लागली.

"ही कशाची घंटा? आरती लागली का?"

मी सांगितलं, अमेरिकेतल्या इंजिनांवर घंटा असते, स्टेशनात शिरताना वाजवतात. माय म्हणाली, "मग चपला काढून बसत असतील गाडीत."

पुढं उतार आला. (एक बाजू दोन वह्यांवर टेकवली होती.) माझं इंजिन उतारावरही तस्संच धापा टाकत होतं. मायची माळ थांबली. "उतारावर वाफ बंद करतात. नुसत्या दांड्या वाजतात, खडाक खडाक. तुझा ड्रायव्हर कोळसा जाळायलाच बसलाय." मी नंतर वाचून पाहिलं. बरोबर होतं. वाफ बंद केली की झुक थांबतं. स्वस्त चिपेला उतार कळत नाही.

एक नियम लक्षात ठेवा: आवाजाची परीक्षा दुकानदाराकडून घेऊ नका, ज्यानं तो खरा ऐकलाय त्याच्याकडून घ्या. दुकानदार पास करतो. ती माणसं नापास करतात, पण पुढच्या चाचणीला पुन्हा येऊन बसतात.

पायरी ६ : चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

इंजिन घरात आलं. ते चालवायला कंट्रोलर लागतो, हे आता सांगतोय, कारण मलाही आताच सांगितलं होतं.

साधा प्रकार डीसी: रुळांत बारा व्होल्टपर्यंत वीज, जास्त दिली की पळतं, कमी केली की थांबतं. आवाजी इंजिन यावर चालतं, पण अर्धा कंट्रोलर फिरवेपर्यंत आतली चिपच जागी होत नाही. मग ते फुसफुसतं, खोकतं आणि एकदम निघतं. शिट्टी तुमच्या हातात राहत नाही. रस्त्यात म्हैस आली तरी बघत बसायचं.

दुसरा प्रकार डीसीसी. यात रुळांत कायम पूर्ण वीज असते आणि तिच्यातूनच हुकूम जातात. ज्या इंजिनाचा नंबर पुकारला तेच ऐकतं. दिवा एफ-शून्य, घंटा एफ-एक, शिट्टी एफ-दोन, पुष्कळ इंजिनांत आवाज बंद करायला एफ-आठ. स्वस्त इंजिनांत बटणं कमी आणि शिट्टी कधी कधी ठरावीक मापाची: तुम्ही बोट धरून ठेवा नाही तर सोडा, ती तेवढीच वाजणार. शाळेतल्या घंटेसारखी.

डीसीसीचा कंट्रोलर इंजिनाच्या किमतीजवळ जातो. म्हणून इंजिनाची किंमत सांगताना कंट्रोलरची सांगू नका आणि कंट्रोलरची सांगताना 'इंजिन आधीचंच आहे' म्हणा.

पायरी ७ : रूळ मांडा

प्लायचा आख्खा पत्रा आठ बाय चार फुटांचा असतो. एचओच्या नेहमीच्या वळणाला दीड फुटाची त्रिज्या धरा, म्हणजे चार फूट रुंदीत गोल बसतो. खरा एक किलोमीटर या प्रमाणात साडेअकरा मीटर होतो. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती चौतीस किलोमीटर. तेवढंही करायचं म्हटलं तर तीनशे नव्वद मीटर रूळ लागतील, आणि मधे तीन घरं पाडावी लागतील. तेव्हा गोलच बरा.

रूळ पोलादी घेऊ नका, गंजतात. निकेल सिल्व्हरचे घ्या. आधीच खुलासा करून ठेवा की त्यात चांदी नसते; भांड्यांच्या दुकानात ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तेच, तांबं, निकेल आणि जस्त. मी खुलासा उशिरा केला. 'चांदीचे रूळ' ही बातमी तोवर सासुरवाडीला पोचली होती.

रुळांखाली कॉर्कची पट्टी टाकतात, नाहीतर मोटरचा घुर्रर्र प्लायमध्ये घुमून झुकझुकीला गिळतो. कॉर्क नसेल तर जुनी सतरंजी चालते. स्पीकर बोटाच्या पेरभर असतो, खालचा जाड आवाज त्याला काढता येत नाही. प्लाय भिंतीच्या कोपऱ्याला लावून बघा, थोडा घुमारा येतो.

खरा शत्रू धूळ. एप्रिल-मेमध्ये दारं-खिडक्या बंद ठेवूनही पोळीवर वाळू लागते, तर रुळांवर का नाही बसणार? वीज रुळांतून चाकांत जाते. मधे धूळ आली की चिपेला झटका बसतो आणि आवाज थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. चालत्या गाडीचं इंजिन दर दोन फुटांवर नव्यानं जन्माला येतं. उपाय: रोज आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ पुसा. ते मेडिकलवर मिळतं. 'कशाला हवंय?' असं विचारलं, तर 'रेल्वेचे रूळ पुसायला' हे खरं उत्तर पालममध्ये देऊ नका.

धुराड्यात धुरासाठी खास पातळ तेल टाकतात. शेंगदाण्याचं टाकू नका. मी टाकलं. यंत्र बिघडलं ते बिघडलंच, वर शेजारचे विचारायला आले, भजी कुणासाठी?

पायरी ८ : इंजिनाची पत्रिका मांडा

डीसीसी इंजिनाच्या चिपेत सीव्ही नावाची घरं असतात. पत्रिकेत बारा, इथं शेकड्यांनी. पहिल्या घरात इंजिनाचा नंबर. दुसऱ्यात ते किती विजेवर हलू लागेल ते. तिसऱ्यात वेग किती सावकाश वाढावा, चौथ्यात किती सावकाश कमी व्हावा, पाचव्यात कमाल वेग. एकोणतिसावं घर सगळ्यांत कठीण. तिथं बसलेला आकडा दिशा, वेगाच्या पायऱ्या, नंबराचा प्रकार असं सगळं एकदम ठरवतो. पत्रिकेतला शनीच.

जगातलं जवळजवळ प्रत्येक नवं इंजिन तीन नंबर घेऊन जन्माला येतं. त्यामुळं दोन नवी इंजिनं एकाच रुळावर ठेवून तीन पुकारलं की दोन्ही धावतात, आणि तोंडं एकमेकांकडं असतील तर एकमेकांवर धावतात. आधी एकाचं बारसं करा.

स्वस्त इंजिन सुधारायची खरी जागा तिसरं आणि चौथं घर. दोन्हींत आकडे वाढवा. आता गाडी हळूहळू सुटते आणि ब्रेक लावल्यावरही पुढं जाते. आवाज तोच, पण त्यात वजन येतं. मायनं पहिल्यांदा मान वर केली ती त्या दिवशी. म्हणाली, "आता डबे जोडलेत."

सगळं बिघडलं तर बऱ्याच चिपांना एक शांत आहे: आठव्या घरात आठ लिहायचे. इंजिन मागचं सगळं विसरतं आणि पुन्हा तीन नंबर होतं. ही सोय माणसांना नाही.

पायरी ९ : गाडी लोकांना द्या

पालमला रेल्वे आलीय हे दोन दिवसांत कळतं. लोक येतात. आधी हसतात, मग बसतात, मग मागण्या करतात. गोलावर मी एकच स्टेशन केलं होतं: पालम. गाडी पालमहून सुटून पालमला यायची. चाटोरीचे पाहुणे म्हणाले, आमच्याकडं थांबा द्या. बनवसचे म्हणाले, त्यांना दिला तर आम्हाला का नाही. पेठशिवणीच्या एका काकांनी चक्क निवेदन आणलं, आणि त्याची झेरॉक्स माझ्याच दुकानात काढली. आता बारा-चौदा फुटांच्या गोलात चार स्टेशनं आहेत. गाडी कुठंच वेग धरत नाही. पण आवाजासाठी हे उत्तम निघालं: स्वस्त इंजिनाचं झुक सावकाश चालतानाच सगळ्यांत कमी चुकतं. एक्सप्रेस केली की पितळ उघडं पडतं. पॅसेंजर करा.

शेवटचं काम मायनं सांगितलं. रुळाकडेला पिवळी पाटी असते, तिच्यावर 'सी/फा' लिहिलेलं. सीटी, फाटक. पुढं फाटक आहे, शिट्टी द्या. मी काडेपेटीच्या पुठ्ठ्याची पाटी केली आणि जिथं रूळ स्वयंपाकघराच्या दारासमोरून जातात तिथं लावली. तेव्हापासून गाडी तिथं आली की एफ-दोन दाबायचं. विसरलो तर आतून विचारणा होते.

दोष आणि उपाय

*गाडी चालते, आवाज नाही.* एफ-आठ दाबलं गेलंय. चुकून दाबलं की कुणी मुद्दाम, याची चौकशी करू नका.

*आवाज आहे, गाडी चालत नाही.* पुरेशी वीज मिळत नाही. तोवर आवाजावर समाधान माना. आपल्याला सवय आहे.

*टेंडर जोडलं तरी आवाज मधेच जातो.* इंजिन आणि टेंडर यांच्यातल्या केसासारख्या तारांपैकी एक तुटलीय. इंजिन टेंडरला धरून कधीही उचलू नका. घड्याळाच्या दुकानात डाग द्यायला न्या, टीव्हीवाल्याकडं नको.

*लाईट गेली.* पायरी २ मधली उरुसाची गाडी काढा. अर्ध्या तासात तुमच्या लक्षात येईल की घरातली सगळ्यांत भरवशाची रेल्वे पेन्सिल सेलवर चालते.

*रात्री तीन वाजता घरात फुसफुस.* गॅस नाही. लाईट आलीय, तुम्ही कंट्रोलरचं बटण चालू ठेवून झोपलात आणि रुळावर उभं राहिलेलं इंजिन वीज मिळताच जागं झालंय. आमच्याकडं ही शहानिशा होईपर्यंत सिलिंडर अंगणात आणि शेजारी रस्त्यावर आले होते. तेव्हापासून रात्री इंजिन खोक्यात, खोकं कपाटात.

*इंजिन खोक्यात, खोकं कपाटात, तरी सकाळी माय विचारते, "रात्री गाडी गेली का रे?"* कपाट उघडून दाखवू नका. गंगाखेड इथून किती लांब आहे तेही सांगू नका. गेली म्हणा. किती उशिरा, असं विचारलं तर पाऊण तास सांगा.